पहिल्या रांगेतले चार कॉम्प्युटर

मुंगीने मॅडमना अजून सांगितलेलं नाही. संध्याकाळी फोनवर विचारलं तर म्हणाली, "सांगते ग आई," आणि त्याच दमात, "तुझी पाठ कशी आहे?" विषय बदलायची ही तिची जुनी तऱ्हा. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. तिचे बाबा गाढ झोपलेत. पोरगी कमावती आहे, तिचं ती बघेल, असं त्यांचं म्हणणं. बघेल, हे मलाही ठाऊक आहे. सांगेल की नाही, याचाच भरवसा नाही.

मुंगी माझी धाकटी लेक. बारशाचं नाव चांगलं लांबलचक आहे, पण चालायला लागल्यापासून ती घरातल्या वस्तू गुपचूप एका जागेवरून दुसऱ्या जागी वाहून न्यायची. चमचे पलंगाखाली, बाबांचे मोजे माझ्या पर्समध्ये. तिच्या दादाने मुंगी म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. बोलायला उशिराच लागली. बोलायला लागल्यावरही स्वतःबद्दल कधी बोलली नाही. शाळेत झोपाळ्यावरून पडून मनगट मुरगळलं, तर रात्री डाव्या हाताने जेवायला बसली. बाबांनी विचारलं, "हा काय नवा खेळ?" तर म्हणाली, "सहज." दुसऱ्या दिवशी हात टम्म सुजला तेव्हा कुठे आम्हाला कळलं.

आता ती दुसऱ्या शहरात एका नर्सिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात आहे. विभाग म्हणजे काय, तर एक मॅडम, एक मुंगी आणि गरज पडली की बोलावले जाणारे वायरमनकाका. ती अजून कायम झालेली नाही. महिनाअखेरीस मॅडम वर शिफारस पाठवणार, मग ठरणार. कायम झाली तर ती खोली सोडून स्वयंपाकघर असलेली जागा घेणार आहे. सध्याच्या खोलीत शेगडी खिडकीत आहे आणि कपडे अडकवायच्या खुंट्यांवर वायरींची वेटोळी. प्रत्येक वेटोळ्याला चिठ्ठी लावलेली. मिठाच्या बरणीलासुद्धा चिठ्ठी आहे. "मीठ दिसत नाही का तुला?" मी विचारलं. "साखर पण तशीच दिसते," ती म्हणाली. एकदा फसली असणार, पण कबूल कशाला करेल!

गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे होते. रविवारी निवांत बसू असं ठरलं होतं, पण कॉलेजात नवे कॉम्प्युटर आले होते आणि या गुरुवारी त्यांच्यावर मुलींची परीक्षा होती. "तू घरी आराम कर," ती म्हणाली. मी घरी बसून काय भिंती मोजू? डबा घेतला आणि तिच्याबरोबर गेले.

परीक्षेची खोली लांबट होती, खिडक्या उंचावर. टेबलांच्या रांगा, नव्या खोक्यांचा वास, जमिनीवर थर्माकोलचे तुकडे. वायरमनकाका टेबलाखाली आडवे झाले होते, बाहेर नुसते पाय दिसत होते. मी आत गेल्यावर पाय म्हणाले, "या ताई, बसा. खुर्च्या पुष्कळ आहेत, फक्त कॉम्प्युटर चालत नाहीत."

काम असं होतं. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये सगळं हाताने भरत बसायचं नसतं. सगळं नीट बसवलेल्या एका कॉम्प्युटरची हुबेहूब प्रत, म्हणजे इमेज, कोपऱ्यातल्या सर्व्हरवर ठेवलेली असते. नवा कॉम्प्युटर वायरीला जोडून सुरू केला की आधी सर्व्हरवरून एक छोटी तात्पुरती प्रणाली त्याच्यात उतरते, आणि मग ती छोटी प्रणाली मोठी इमेज ओढून घेते. मुंगीने मला हे खोक्यावर पेनाने चित्र काढून सांगितलं. माझ्या शिकवणीच्या दिवसांत मी तिला अपूर्णांक असेच समजावले होते, त्याची आठवण झाली.

पण इथे घोडं अडलं होतं. छोटी प्रणाली उतरायची, पडद्यावर निळा रंग यायचा, आणि मग सर्व्हर सापडत नाही म्हणून कॉम्प्युटर स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. पुन्हा निळा. पुन्हा बंद.

"वायर माझी आहे," काका टेबलाखालून म्हणाले. "वायरीला नावं ठेवायची नाहीत."

"वायरीला कोण काय म्हणतंय काका? नेटवर्कचा ड्रायव्हर नाहीये त्याला."

"मग एखादा बदली ड्रायव्हर बोलवा. रविवार आहे म्हणून सुट्टीवर गेला असेल."

मुंगी हसली नाही. ओठ चावत पडद्यावरच्या काळ्या चौकटीत काहीतरी टाइप करत होती. मला म्हणाली, "बघ आई, याला विचारलं तुझा पत्ता काय, तर याच्याकडे पत्ताच नाही. नेटवर्कचं कार्ड आहे, पण ते कसं चालवायचं हे सांगणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, या छोट्या प्रणालीला सापडत नाही. जुन्या कॉम्प्युटरांत वेगळं कार्ड होतं."

"पण ही छोटी प्रणाली वायरीतूनच आली ना?"

"ती आणायचं काम कॉम्प्युटरच्या मूळ चिपने केलं. एकदा छोटी प्रणाली जागी झाली की चिप बाजूला होते. मग हिचं हिला बघावं लागतं."

मग आत्ता तुझ्या मॅडमना विचार की, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. काकांनीच म्हटलं. "मॅडमना फोन लाव पोरी. मागच्या वेळी त्यांनीच केलं होतं सगळं."

"नको. रविवारी कशाला त्रास. मी ड्रायव्हर काल घातलाय, कुठेतरी छोटंसं चुकलंय."

तिच्या पिशवीत नेटवर्कचं एक छोटं डोंगल होतं, यूएसबीला लावायचं. ते छोट्या प्रणालीला ओळखता येत होतं. पहिला कॉम्प्युटर तिने त्यावरून सुरू केला. पडद्यावर कॉम्प्युटरला नाव काय द्यायचं ते विचारलं गेलं, तिने टाइप केलं, आणि इमेज उतरायला लागली. काकांनी टाळी वाजवली. मग डोंगल काकांच्या हाती देऊन ती सर्व्हरशी झटत बसली, आणि काका एक झाला की दुसऱ्याला ते लावत गेले. पहिल्या रांगेतले चार असे झाले. आम्ही डबा खाल्ला. काकांनी त्यांच्या सुनेच्या स्वयंपाकाची तक्रार केली आणि माझ्या डब्यातलं अर्धं संपवलं.

जेवणानंतर मी त्या चारांपैकी एकासमोर बसले होते. त्याचं डोंगल केव्हाच काढलेलं होतं, नेहमीची वायर लावलेली, आणि तो छान चालत होता. मी सहज विचारलं, "याला आता कसा पत्ता मिळतो ग? कार्ड तर तेच आहे."

मुंगी वळली. माझ्याकडे, मग त्या पडद्याकडे बघत राहिली. मग कपाळावर हात मारून घेतला. "ड्रायव्हर बरोबरच आहे! मी तो मोठ्या इमेजमध्ये घातला. छोट्या प्रणालीत घातलाच नाही."

"म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कपाट बंद केलंस."

"तेच," ती म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा खळखळून हसली.

मग तिने तोच ड्रायव्हर छोट्या प्रणालीत घातला, ती नव्याने बांधली आणि सर्व्हरवर जुनीच्या जागी ठेवली. दुसऱ्या रांगेतला पहिला कॉम्प्युटर सुरू केला. निळा पडदा आला, थांबला, आणि या वेळी बंद पडला नाही. त्याने नाव विचारलं. काका म्हणाले, "आला बुवा ड्रायव्हर कामावर!" त्यानंतर रांगामागून रांगा झाल्या. मी थर्माकोल गोळा केला. सगळ्यांत शेवटी मुंगी कॉम्प्युटरांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवायला लागली आणि पहिल्या रांगेशी येऊन थबकली.

त्या चारही कॉम्प्युटरांचं नाव एकच होतं.

सर्व्हर कॉम्प्युटरला ओळखतो तो नेटवर्कच्या कार्डावरच्या क्रमांकाने. चारही वेळा क्रमांक दिसला तो त्या डोंगलचा. सर्व्हरला वाटलं, तोच कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा येतोय, म्हणून पहिल्यानंतर त्याने नाव विचारलंच नाही, आपलं आपण देऊन टाकलं. काका सर्व्हरकडे पाठ करून काम करत होते, मुंगीचं डोकं सर्व्हरमध्ये होतं. कोणाच्याच लक्षात आलं नाही.

"मग बदल की नाव," मी म्हटलं.

"इथे बदलता येईल ग. पण परीक्षेच्या यादीत चार जागांची मिळून एकच नोंद पडलीय. ती पुसल्याशिवाय नव्या नोंदी होत नाहीत, आणि पुसायचा अधिकार फक्त मॅडमना आहे."

"आणि नाही पुसली तर?"

"चार मुली बसतील आणि उत्तरपत्रिका एकीचीच राहील. एकीवर एक लिहिली जाऊन बाकी तिघींच्या पुसल्या जातील."

तेवढ्यात मॅडम स्वतःच दारात आल्या. जवळच राहतात, चक्कर मारायला आल्या होत्या. चाळिशीच्या असतील, हातात भाजीची पिशवी. "अरे वा, सगळे चालू? काही अडचण?"

मी मुंगीकडे पाहिलं. काका आपल्या पक्कडीकडे पाहत होते.

"नाही मॅडम," मुंगी म्हणाली. "झालंय जवळपास."

निघताना मॅडम मला दारापर्यंत घेऊन गेल्या. "काकू, मुलगी हुशार आहे तुमची. पण अडलं की सांगत नाही हो. मला नेहमी शेवटी कळतं. हा माझा नंबर ठेवा, तिला कधी बरंबिरं नसलं तर कळवत चला. ती काही कळवणार नाही." त्या रागावलेल्या नव्हत्या. बोलताना हसत होत्या, पण ते वाक्य हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

घरी जाताना मी विचारलं, "का नाही सांगितलंस?"

"शिफारस लिहायच्या आठवड्यात सांगू की मी डोंगल फिरवत बसले? उद्या सकाळी त्या खुशीत असताना सांगते."

सोमवारी मी आमच्या घरी परत आले. सोमवारी मॅडमची मीटिंग होती. आज मॅडम खुशीत नव्हत्या म्हणे. आता उद्याचा एकच दिवस उरला आहे.

मघाशी मी मॅडमचा नंबर उघडला होता. दोनदा. सांगून टाकलं तर काम होईल, चार नोंदी नीट होतील. पण मग मॅडमच्या मनात मुंगी कायमची आईने फोन करायला लागणारी मुलगी होऊन बसेल, आणि माझ्याशी जे थोडंफार बोलते तेही बंद करेल. नंबर बंद केला.

मग मनगटाचा तो प्रसंग आठवताना त्याच वर्षीचं दुसरं एक आठवलं. तिच्या बाकावरची मुलगी तापाने फणफणली होती, आणि बाई फळ्यावर लिहितच होत्या. आमची मुंगी, जी स्वतःचा सुजलेला हात लपवते, ती वर्ग सोडून तडक मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "तिला घरी पाठवा, आत्ता." मला हे त्या मुलीच्या आईने सांगितलं. मुंगीने सांगितलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

स्वतःसाठी तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. दुसऱ्यासाठी फुटतो. आणि दोन दिवस मी तिच्याशी तिच्याच नोकरीबद्दल बोलत बसले आहे, नीट सांग, घाबरू नकोस, त्या काही खाणार नाहीत तुला. माझं बोलणंच चुकीच्या जागी पोहोचत होतं.

सकाळी ती कॉलेजच्या बसची वाट बघत कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापाशी उभी असते. तेव्हा फोन केला तर उचलते, कारण तिला काही कामाचं निमित्त सांगता येत नाही. उद्या तेव्हाच करणार आहे. जेवलीस का, झोपलीस का, मॅडम खुशीत आहेत का, यातलं काही विचारणार नाही. एवढंच म्हणेन, "मुंगे, उद्या परीक्षेला पहिल्या रांगेत ज्या चौघी बसणार आहेत, त्यांची नावं काय ग?" तिला ठाऊक असतील. तिने खुर्च्यांवर चिठ्ठ्या लावल्या असणारच.