बिशानमधलं रुखवत

सगळे विचारतात, सिंगापुरात सेम्बावांगची एवढी चांगली नोकरी सोडून तू जुरोंग ईस्टला का गेलास? सांगतो. पण आधी तो चहा खाली ठेवा, नाकातोंडात जाईल!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी जहाजदुरुस्तीत इंजिनिअर, नवाकोरा. सिंगापूर म्हणजे माझ्या लेखी स्वर्ग! एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, बसलो तरी अंगावर काटा यायचा. रस्ते तर असे, की पानं मांडून पंगत बसवावी! दुखणं एकच. डिसेंबरात पुण्याला माझ्या धाकट्या भावाचं, नंदूचं लग्न, आणि आमचे बॉस हमीदसाहेब ‘घरचं काम’ एवढ्यावर आठ दिवसांची रजा द्यायला तयार नाहीत.

अशात त्यांच्याच मुलीच्या लग्नाचं बोलावणं आलं. म्हटलं, चला! साहेब खुशीत असतील, तेवढ्यात रजेचं काढू.

लग्न बिशानला, त्यांच्या इमारतीखाली. तिथे इमारती खांबांवर उभ्या, खाली सगळं मोकळं. लग्न असो, काही असो, मांडव तिथेच. आता हे ‘काही असो’ मला कुठे ठाऊक?

मांडव दिसला, झांजा ऐकू आल्या, घुसलो. गोल टेबलं, शेंगदाणे, सरबत, पत्त्यांचे डाव रंगलेले. अगदी आपलं लग्नघर! पांढऱ्या टीशर्टातल्या एका चिनी गृहस्थानं अदबीनं बसवलं. वाटलं, साहेबांचा मित्र असेल. आणि समोर बघतो तर काय, रुखवत! कागदाचा दुमजली बंगला, दारात मोटार, आत टीव्ही, नोकरचाकर! आमच्या मावशीनं रुखवतात साखरेचं तुळशीवृंदावन मांडलं, तर गाव लोटलं होतं. इथे अख्खा बंगला!

“ब्यूटिफुल!” मी ओरडलोच. “फॉर हूम?”

“टुमॉरो ही गोइंग,” गृहस्थ म्हणाले. “ऑल धिस गो विथ हिम, लाह.” ते ‘लाह’ म्हणजे तिथलं ‘बरं का’.

अच्छा! म्हणजे जावई उद्या हे सगळं घेऊन घरी जाणार!

“माय ब्रदर ऑल्सो!” मला राहवेना. “धिस डिसेंबर! व्हेअर टू बाय?”

त्यांचा चेहरा पडला. “हाऊ ओल्ड?”

“ट्वेंटी सिक्स!”

“सो यंग!”

“व्हॉट टू डू? अ‍ॅस्ट्रॉलॉजर गेव्ह डेट. मदर इज इन अ हरी!”

त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि चक्क रडायला लागले. एवढं प्रेम? माझेही डोळे भरून आले हो!

तेवढ्यात जरीच्या पोशाखात हमीदसाहेब हजर. त्यांच्या मुलीचं लग्न होतं पलीकडच्या इमारतीखाली, आणि भर लग्नातून ते शेजाऱ्याचं सांत्वन करायला आले होते! सांत्वन? मी मान वळवली. उदबत्त्या. एका आजोबांचा मोठा फोटो. त्यामागे शवपेटी.

म्हणजे तो कागदी बंगला उद्या आजोबांसोबत जाळायचा होता! आजोबांच्या मुलानं, म्हणजे त्या गृहस्थांनीच, साहेबांच्या कानात काहीतरी सांगितलं. साहेब गहिवरले.

“म्हणून रजा मागत होतास? व्हाय यू नेव्हर टेल मी?”

“सर, अ‍ॅक्चुअली...”

“आठ दिवस नाही. एक महिना जा. बी विथ हिम.”

खरं सांगायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ! पण ‘एक महिना’ ऐकलं आणि ते आपोआप मिटलं.

नंदूचं लग्न झोकात झालं. परतलो, तर ऑफिसनं उभं राहून त्याच्यासाठी शांतता पाळली. मीही पाळली. बॅगेत लग्नाचे लाडू होते.

मग एक दिवस नंदूचा फोन. “दादा, आम्ही दोघं सिंगापूरला येतोय! महिनाभर रजा देणाऱ्या त्या देवमाणसाच्या पाया पडायचंय!”

त्याच दुपारी मी जुरोंगला अर्ज टाकला.