दोन्हीकडे जेवणारी माणसं

शालूताई गेल्याचं मला तिच्या घरमालकिणीने फोनवर सांगितलं. सकाळची वेळ होती. मी खाली धाकट्या सुनेच्या ओट्यावर चहा ठेवला होता आणि वरून थोरली विचारत होती, "आई, नाश्ता वर करताय की खालीच?" तिवारीभाभी ही एरवी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाणारी बाई, पण त्या दिवशी अगदी हळू बोलली. "भाभीजी, आज दीदी उठी नहीं..." मी म्हटलं, दमली असेल, झोपू द्या. पलीकडून तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणि मग मला समजलं. चहा उतू जात राहिला. थोरलीने वरून पुन्हा तोच प्रश्न विचारला.

शालूताई माझी नणंद, माझ्या यजमानांची मोठी बहीण. तिने लग्न का केलं नाही हे आमच्याकडे कोणी विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती, कारण तिने लगेच उलट विचारलं असतं की तुमच्या घरी हॉलमध्ये कोण झोपतं. हा तिचा धंदाच होता. जबलपूर जिल्ह्यात कुठे कशा घरांची गरज आहे, भाडी काय चालली आहेत, कोण विकतंय आणि कोण घेतंय, याची पाहणी करणाऱ्या एका लहानशा संस्थेत तिचा जन्म गेला. शहरापासून बरगीच्या धरणाकडच्या गावांपर्यंत कुठल्या गल्लीत किती घरं कुलूपबंद आहेत ते तिला तोंडपाठ असे. आमच्या विजय नगरात ती फिरायला निघाली की बंद फ्लॅट्सच्या बाल्कन्यांकडे बघत म्हणायची, "ही घरं कोणासाठी बांधून राहिले, माधवी? इथं तर कबुतरं राहून राहिली." ओळखीच्या एका बिल्डरने एकदा मोठ्या आदराने तिला घरी बोलावून विचारलं होतं, "दीदी, आजकल क्या बिकेगा?" ती म्हणाली, "तळमजला. म्हाताऱ्यांना जिना नको असतो, पण विचारलं तर ते सांगत नाहीत." बिल्डरने हसून चहा पुढे केला आणि पाच मजली इमारत बांधली.

नातेवाइकांत तिची धास्ती होती. तिला जेवायला बोलावणं म्हणजे घरात सर्व्हे बोलावणं. वास्तुशांतीला लोक पडदे, टाइल्स बघतात, ही बाई आहेर हातात देऊन झाला की विचारायची, "अच्छा, आणि आजी कुठं झोपणार?" एका घरी तर यजमानीणबाईंचा चेहरा असा पडला की मी तिला कोपराने ढोसलं. रिक्षात बसल्यावर मी चांगलीच झापली तिला. त्यावर म्हणते, "तू चिडून काहून राहिली? मी तर साधा प्रश्न विचारला." तिचे सगळे प्रश्न साधेच असत, हीच तर पंचाईत होती.

एका उन्हाळ्यात शाळेला सुट्टी होती (मी शाळेत शिकवायची) म्हणून तिच्यासोबत बरगीकडे गेले. धरणाच्या काठावरचं मासेमारांचं गाव. समोरासमोर दोन सख्ख्या भावांची घरं. मोठ्याकडे विचारलं, घरात कोण कोण? त्याने बायको, मुलं सांगितली आणि छाती पुढे काढून म्हणाला, "और दद्दा। दद्दा हमारे साथ रहते हैं।" धाकट्याकडे गेलो. त्यानेही तितक्याच अभिमानाने तेच सांगितलं. बापाला भावाकडे टाकलंय असं परक्या बायकांसमोर कोण म्हणेल? ताईच्या मदतनीस मुलीने दोन्हीकडे लिहून घेतलं आणि आम्ही निघालो. वाटेत जाळी वाळत घातलेल्या एका छपराखाली म्हातारा बसला होता. ताईने सहज राम राम केला, कोणाचे वडील ते विचारलं, आणि मग म्हणाली, "दद्दा, आपका बिस्तर कहाँ धरा रहता है?" म्हाताऱ्याने मागे बोट दाखवलं. जाळ्यांच्या ढिगाऱ्यामागे एक वळकटी होती, वर प्लास्टिकचा कागद घातलेली. "रोटी सुबह बड़े के यहाँ, साँझ को छोटे के यहाँ," तो म्हणाला, "दोनों बहुत मानते हैं हमें।" आणि ते खरंच होतं. मुलं वाईट नव्हती. दोन्ही घरांत एकेकच खोली होती आणि दोन्ही घरांत वाढती मुलं होती.

परतताना जीपमध्ये ताईने दोन्ही घरांचे कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाली, "कागदावर या माणसाची दोन घरं झाली, माधवी. आणि कोणी खोटंही बोललं नाही." चूक तिची एकटीची नव्हती, पण तिने ती एकटीच्या अंगावर घेतली. ज्या गावांतलं काम संपलं होतं तिथे ती पुन्हा गेली, फक्त म्हाताऱ्यांच्या वळकट्या शोधायला. वरचे साहेब वैतागले, मुदत टळतेय म्हणाले. ताई म्हणायची, ज्याला दोन्हीकडे जेवायला मिळतं त्याला आपण मोजतच नाही, कारण त्याची तक्रार नसते. तक्रार नाही म्हणजे गरज नाही, असं सगळे धरून चालतात. मला ते पटायचं, पण असं पटायचं जसं वर्तमानपत्रातलं पटतं. ते दुसऱ्या कोणाचं तरी होतं.

आमचं घर माझ्या यजमानांनी बांधलेलं, खाली-वर मिळून ऐसपैस. ताईची मागची खोली होती. हे गेले, त्यानंतर थोरल्याने वर स्वतःचं स्वयंपाकघर केलं. आम्ही कोणाला वेगळे झाले असं सांगितलं नाही, "वर गॅसची सोय केली" एवढंच म्हणायचो. मग धाकट्याचं लग्न झालं. त्याच सुमारास एका दुपारी ताई भाजी निवडता निवडता म्हणाली, "तू आजकाल कुठं जेवून राहिली?" मी म्हटलं, "हे काय विचारणं झालं? सकाळी खाली, रात्री वर. दोघंही आग्रह करतात." तिने मेथीची जुडी तेवढी संपवली. आठवडाभराने तिने जाहीर केलं की ती रांझीला राहायला जाणार आहे, जागा पाहून ठेवली आहे, दोन खोल्या, तळमजला.

मी भडकले, आणि आजही त्या गोष्टीचा विचार केला की थोडी भडकतेच. रांझीला, शहराच्या टोकाला, खमरियाच्या दारूगोळा कारखान्याच्या मागे, या वयात? लोक काय म्हणतील, भाऊ गेला आणि भावजयीने बाहेर काढलं! ताई शांतपणे म्हणाली, "लोकांना सांग, ताईला खमरियाच्या बसेस बघायला आवडतात." तिच्याशी भांडणं म्हणजे भिंतीशी भांडणं. मी म्हटलं, बरं, जायचंच आहे तर जा, पण एकट्या जीवाला दोन खोल्या कशाला? "सामान आहे," म्हणाली. सामान कसलं, दोन ट्रंका आणि एक रेडिओ! मागची खोली रिकामी झाली, तिथे धाकट्याचं कपाट आणि पलंग आला. हे गेल्यापासून तिथे ताईजवळ झोपणारी मी हॉलमधल्या दिवाणावर झोपू लागले. दिवाण चांगला आहे, गादी नवी आहे, मुलं-सुना प्रेमाची आहेत. माझी काही तक्रार नव्हती.

ती तिथे मजेत राहिली. सकाळी कारखान्याकडे जाणाऱ्या सायकली आणि मोटारसायकली बघत ओट्यावर चहा प्यायची. रिटायर होऊन क्वार्टर सोडावं लागणाऱ्या लोकांना कुठे जागा बघा ते सांगायची. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायची, दुपारी जेवून संध्याकाळी परतायची. दरवेळी ती म्हणायची, "राहून जा ना आज." आणि मी म्हणायची, "नाही गं, दोघंही वाट बघतात." तिने कधी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. आता वाटतं, करायला हवा होता. मी थांबले नसते, पण करायला हवा होता... इतकी वर्षं लोकांना नको ते विचारणारी बाई, मलाच तेवढं विचारायला का कचरली?

तेरावं झाल्यावर मी तिची जागा आवरायला गेले. मुलं येतो म्हणत होती, मीच नको म्हटलं. तिची खोली तिच्यासारखीच, सगळं जागच्या जागी. दुसऱ्या खोलीत एक पलंग, धुतलेली चादर, आणि उशी जरा उंच, मला लागते तशी. ते पाहून मी काही ढासळले वगैरे नाही, म्हटलं, पाहुण्यांसाठी असेल. मग हातपाय धुवायला त्या खोलीला लागून असलेल्या बाथरूममध्ये गेले. तिथे उंच बैठकीचा कमोड होता आणि बाजूच्या भिंतीत जाड स्टीलचा दांडा पक्का बसवलेला. शालूताईचे गुडघे शेवटपर्यंत धडधाकट होते. ती स्वतःच्या खोलीकडचं साधं, खाली बसायचंच वापरायची.

मी तिवारीभाभींना विचारलं, हे कोणी बसवलं. त्या म्हणाल्या, "दीदी ने ही लगवाया, आते ही। हमने कहा आपको क्या जरूरत, तो बोलीं, माधवी के घुटने ठीक नहीं हैं, उसका घर तो मुझे ही देखना पड़ेगा।" मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं की जागेसाठी दुसरा भाडेकरू बघायचा का. मी नको म्हटलं. 

मुलांना मी सांगितलंय की आत्याचं आवरायला वेळ लागतोय. दोघंही रोज फोन करतात, कधी येतेस विचारतात, आणि मी येईन म्हणते. इथे एकच चूल आहे, ती मीच पेटवते. सकाळी गुडघे आखडलेले असतात, तेव्हा भिंतीतला तो दांडा धरून मी उठते. तो माझ्या हाताच्या बरोब्बर उंचीवर आहे. माझं माप तिने कधी घेतलं, कोण जाणे.