विहिरीसकट घर

एजंट आमच्या नात्यातलाच होता, पेच होता तो तिथेच. यांच्या मावसभावाचा मुलगा. शहापूरपासून किन्हवलीपर्यंत मुंबईकरांना प्लॉट आणि फार्महाउस दाखवत फिरायचा. आम्ही घर विकणार हे कानावर जाताच पेढे घेऊन हजर झाला, जसं काही विकून मोकळाच झालाय. यांचे गुडघे गेले होते. लेक मुरबाडला शिक्षिका, तिच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्याचा फ्लॅट मिळत होता आणि गावचं घर विकल्याशिवाय तो घेता येणार नव्हता. सगळं सरळ होतं. वाकडी होते ती फक्त मी, असं हे अजूनही म्हणतात.

किन्हवलीच्या अलीकडे आमचं गाव. गावठाणातलं कौलारू घर, पुढे ओटी, मागे परस आणि परसात विहीर. ही विहीर भर वैशाखातही आटत नाही. नळ दारोदार आलेत, पण ऐन उन्हाळ्यात तोटी उघडली की नुसती फुस्स हवा येते आणि टँकरची वाट बघून मान दुखते. मग शेजारच्या पाच घरच्या बायका आमच्या परसात पाणी भरायला येतात. माझ्या सासूच्या आधीपासून येतात. कुणी परवानगी मागत नाही, कुणी आभारही मानत नाही. भांडणं मात्र पोटभर. पाळी कुणाची होती, बादली कुणी आपटली, काठावर चूळ कुणी भरली. मीही त्यात घसा बसेपर्यंत भांडलेली आहे.

एजंटाचं म्हणणं होतं की आमच्या भागातलं घर पावसातच दाखवायचं. डोंगर हिरवेगार असतात, गिऱ्हाईक गाडीतून उतरताच पाघळतं. उन्हाळ्यात आमच्याकडे काळं कुत्रं फिरकत नाही. त्याने श्रावणात ठाण्याचं एक जोडपं आणलं. माणसं चांगली होती, उगाच नावं ठेवणार नाही. त्यांना सभोवार भिंत घालायची होती, कुलूपवालं गेट लावायचं होतं आणि विहिरीवर मोटर बसवून नातवंडांसाठी छोटा स्विमिंग पूल करायचा होता. एजंट नंदीबैलासारखी मान हलवत होता. पाणी भरणाऱ्या बायकांचा विषय काढू नका, असं त्याने मला आदल्या दिवशीच बजावलं होतं. पावसात त्या येत नाहीत, मग कळणार कुणाला?

मी चहा दिला आणि विषय काढला.

जोडप्याचे चेहरे पडले. बाई मवाळपणे म्हणाल्या, एकदा विकत घेतल्यावर घर आमचंच ना, गेट आम्ही लावणारच. त्यांचंही काही चुकत नव्हतं. मग जमणार नाही म्हटलं मी. गाडी गेली आणि एजंट माझ्यावर उखडला.

"काकू, घर विकताय का गावचा पाणवठा?"

यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. फ्लॅटचा मालक पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंतच थांबणार होता आणि असं गिऱ्हाईक परत कधी मिळणार, हा यांचा घोर. तो खोटा नव्हता. ओटीची एक पायरी चढताना यांचा जीव कसा कळवळतो ते मला दिसत नव्हतं का? पण त्याच आठवड्यात समोरची म्हातारी आली. पाच घरांतली सगळ्यात वयस्क, आणि माझ्याशी सगळ्यात जास्त भांडलेली. ओटीवर टेकली, इकडचं तिकडचं बोलली आणि उठता उठता म्हणाली, "तू गेल्यावर आमी पाणी कुठं भरायचं गो?"

 त्या क्षणी मी ठरवलं, एजंट गेला उडत. घर मीच विकणार.

लेकीने फोनवर जाहिरात कशी टाकतात ते शिकवलं. ती लगेच टाकू या म्हणत होती, मी वैशाख लागेपर्यंत थांबले. यांनी कपाळावर हात मारला. डोंगर करपलेले, परसात पाचोळा, असल्या घराचे फोटो कोण काढतं? मी काढले. भर दुपारी, बायका विहिरीवर असताना, हंडे-कळश्यांसकट. एकीने तर जीभ काढून दाखवली, तोही फोटो टाकला. खाली लिहिलं, "विहीर बारमाही आहे. उन्हाळ्यात शेजारची पाच घरं पाणी भरतात आणि पुढेही भरतील. चालणार नसेल त्यांनी फोन करू नये."

एजंटाने ती जाहिरात वाचली आणि नात्यात सगळीकडे हसत सांगत सुटला, की काकूंनी स्वतःच्या मालाला स्वतःच नाट लावली.

फोन आले. निम्मे गिऱ्हाइकाचं सोंग घेतलेल्या एजंटांचेच. कुणी घर न बघताच 'लास्ट प्राइस' विचारायचं. एकाने लष्करातला साहेब असल्याचं सांगून आगाऊ रक्कम पाठवतो, फक्त हा कोड स्कॅन करा म्हटलं. पैसे मला यायचेत तर कोड मी कशाला स्कॅन करू? त्याला म्हटलं, बाबा, तू इकडे ये, तुला विहीर आतून दाखवते. परत फोन आला नाही. हे आता माझी कीव करायला लागले होते, आणि खरं सांगते, रात्री अंथरुणावर मलाही धास्ती वाटायची. दिवाळी काही माझ्यासाठी थांबणार नव्हती.

मग एका दुपारी एसटीतून एक बाई उतरली, सोबत नवरा. ती स्वतः एसटीत कंडक्टर, तो गोदामात कामाला. तिने घराकडे पाहिलंसुद्धा नाही, थेट परसात गेली. विहिरीत डोकावली, बादली सोडली, ओंजळीने पाणी प्यायली आणि काठावरच बसली. तिचं माहेर मुरबाड तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. तिच्या आईचे सगळे उन्हाळे डोक्यावर हंडा घेऊन चालण्यात गेले, एवढंच ती सांगत होती. मग माझ्याकडे बघून तिने विचारलं,

"पाच घरं म्हणजे मी सहावी. माझी पाळी कितवी?"

मालकीण म्हणून मी आयुष्यभर सगळ्यांच्या आधी पाणी भरलं होतं.  विहिरीवरच्या बायका हसल्या आणि तिला सरकून जागा दिली.

ठाणेकरांपेक्षा थोडं कमी मिळालं, पण कमिशन वाचलं, फिट्टंफाट. एजंट तोंड पाडून आला तेव्हा मी त्याला त्याचेच पेढे खिलवले, म्हणजे दुकान तेच, पैसे माझे. काय खुशीत होते मी!

एक गोष्ट राहिली होती. ती बाई भली, पण तिच्यानंतरचं कुणी काय करील? पाण्याचा हक्क खरेदीखतात घाला म्हटलं. शहापूरच्या वकिलांनी मसुद्यात पाच घरांच्या कुटुंबप्रमुखांची नावं घातली. मी विचारलं, यातल्या कुठल्या प्रमुखाने आजवर एक बादली ओढलीय? कंडक्टरबाई म्हणाली, बायकांची नावं लिहा. वकिलांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मसुदा बदलला.

नोंदणीच्या दिवशी पाचही जणी एसटीने आल्या, ठेवणीतली लुगडी-साड्या नेसून. त्यांच्यातल्या एकीचंही नाव सातबाऱ्यावर नाही, घरपट्टीच्या पावतीवर नाही. माझंसुद्धा नव्हतं, सासरे गेल्यावर भांडून लावून घेतलं. वकिलांनी कलम वाचून दाखवलं, पाच नावं, आणि त्यांचा आणि त्यांच्या वारसांचा पाणी भरण्याचा कायमचा हक्क.  म्हातारी पुढे झाली आणि म्हणाली, माझं नाव परत वाच. वकिलांनी वाचलं.

"असं नाय," ती म्हणाली. "मोठ्यानं वाच. समद्यांना ऐकू जाऊ दे."

ऑफिसात गर्दी होती. वकील उठून उभे राहिले आणि त्यांनी मोठ्याने वाचलं.