एका पुस्तकाच्या चार वाटण्या

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या एक्स्चेंजच्या खोलीत तर ते आपोआप साठतात, कारण ऑफिसातला एकमेव चालणारा एसी तिथंच आहे आणि चहाही तिथंच येतो! सांगणारा दरवेळी थोडं मीठ जास्त टाकतो. मी आज हात आखडून टाकते.

तर, गेल्या वर्षी आमच्या टेलिफोन कंपनीनं फर्मान काढलं की सगळ्यांनी सिग्नलिंगची परीक्षा द्यायची. सिग्नलिंग म्हणजे काय? तुम्ही नंबर लावता आणि बोलणं सुरू व्हायच्या आधी दोन एक्स्चेंजमध्ये जी कुजबुज चालते ती. कुणाला लावायचाय, लाईन मोकळी आहे का, वाजतंय का, ठेवला का.

आम्ही चौघं होतो. चौगुले साहेब, इरफान, मी आणि मिलिंद कांबळे. आम्हा तिघांना पास झालो तर बढती, नाही तर जैसे थे. मिलिंदचं तसं नव्हतं. बावीस वर्षं त्यानं तांब्याच्या केबली जोडल्या, आणि ते कामच बंद होणार होतं. पास झाला तर इथंच कोल्हापुरात, नापास झाला तर बदली थेट चंद्रपूर! आणि त्याचे वडील, आबा, जवळच्या कोडोलीत एकटे. "गाव सोडून मी कुठं येत न्हाय," हे त्यांचं एकच वाक्य.

*

अभ्यासाला पुस्तक आलं एकच. नऊशे पानांचं, इंग्रजी, विटेसारखं जाड. इरफान म्हणाला, झेरॉक्स काढू. चौगुले साहेब म्हणाले, "कशाला? सरळ वाटणी करू की!"

महाद्वार रोडच्या बाईंडरकडं गेलो. त्यानं पुस्तक बघितलं, आम्हाला बघितलं. "पावणं, घरात भांडणं झाल्यात काय?"

चार तुकडे झाले, चार पुठ्ठे चढले, चिठ्ठ्या टाकून वाटप झालं. शब्दांचे अर्थ पहिल्या भागात, आणि तो इरफानकडं. त्यामुळं पहिले पंधरा दिवस आम्हा तिघांना आपण काय वाचतोय याचा पत्ता नव्हता. साहेबांच्या वाट्याला शेवटचा भाग आला, त्यात निम्मी नुसती सूची. काहीही विचारा, ते कितव्या पानावर आहे हे साहेब फाडकन सांगायचे. काय आहे, ते मात्र नाही!

*

कॉल तुटला की तो का तुटला, याला नंबर असतो. कॉज कोड म्हणतात त्याला. सोळा म्हणजे नीट ठेवला, सतरा म्हणजे बिझी, एकोणीस म्हणजे वाजतंय पण कुणी उचलत नाही, एकवीस म्हणजे समोरच्यानं नाकारला.

त्याच दिवसांत इरफानसाठी मुली बघणं चाललं होतं. रविवारी बघायला जायचा, सोमवारी तोंड पाडून यायचा.

"काय झालं रे?"

"एकवीस."

पुढच्या सोमवारी, "एकोणीस. त्यांच्याकडनं निरोपच न्हाय."

एका सोमवारी मात्र पठ्ठ्या पेढ्यांचा बॉक्स घेऊन हजर! साहेबांनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "कॉज कोड?"

इरफान लाजून म्हणाला, "कॉल चालू हाय, साहेब!"

*

मिलिंदचं इंग्रजी बेताचं. म्हणून आम्ही खालच्या चहाच्या गाड्यावर त्याला कॉल करून दाखवायला लागलो. मी कोल्हापूर, इरफान मधलं एक्स्चेंज, मिलिंद कोडोली. मी चिठ्ठी लिहायची, "हा नंबर पाहिजे." इरफाननं ती पुढं सरकवायची. मिलिंदनं उलट चिठ्ठी पाठवायची, "नंबर गावला, वाजतंय." साहेब कितवं पान ते सांगायला.

मिलिंदला पटापट कळत गेलं. अर्धा तास आमचं हे चाललं होतं. गाड्यावरचा बाळूमामा शेवटी फडकं खांद्यावर टाकून आला. "चांगली शिकलेली माणसं तुम्ही. एका बाकड्यावर बसून चिठ्ठ्या काय पाठवताय? बोला की एकमेकांशी! एवढं काय झालंय?"

आणि भांडण मिटावं म्हणून चौघांना एक-एक चहा फुकट!

*

पुस्तकात कॉल संपवायची रीत अगदी कोरडी. एक बाजू म्हणते "सोडतोय", दुसरी म्हणते "सोडलं". खलास. मिलिंदला हे काही पटेना.

तेवढ्यात साहेबांना आजऱ्याहून त्यांच्या मेव्हणीचा फोन आला. "बरं, ठेवतो… हां… काजू पाठव की… ठेवतो मग… आणि पोराचं काय झालं?… बरं बरं, ठेवू?… भात कसा हाय औंदा?… ठेवतो गं…"

मिलिंद बोटं मोजत होता. नऊ वेळा "ठेवतो" झाल्यावर फोन खरंच ठेवला. मिलिंदनं आपल्या वाटणीचं पुस्तक मिटलं. "साहेब, ह्यो लिहिणारा माणूस आजऱ्याला कधी बोललेला न्हाय!"

*

आता परीक्षेचा दिवस. तोंडी परीक्षा, पुण्याहून आलेले साहेब. आम्हा तिघांचं उरकलं, मिलिंदचा नंबर शेवटी. मोबाईल माझ्या टेबलावरच्या बिस्किटाच्या डब्यात ठेवून आत जायचं, असा नियम.

आत जाताना मिलिंद म्हणाला, "वैशालीताई, रोज एक वाजता आबांचा मिस कॉल येतो. एक रिंग म्हणजे जेवलो, बरा हाय. उचलू नका. फक्त आला की काचेतनं मान हलवा."

एक वाजला. एक दहा झाले. सव्वा झाला. डब्यात काही वाजेना. मिलिंद उत्तरं झकास देत होता, पण नजर सगळी काचेकडं. शेवटी मी नाही म्हणून मान हलवली.

तो उठला. "साहेब, आबांची रिंग आली न्हाय. मी निघालो."

"कांबळे, आत्ता उठलात तर नापास धरावं लागेल."

"धरा."

डब्यातला मोबाईल न बघताच त्यानं खिशात कोंबला आणि गाडीला किक मारली. आबांचा नंबर आमच्यापैकी कुणाकडंच नव्हता. मला तर रडूच आलं. खोटी मान हलवली असती तर काय बिघडलं असतं?

अडीचच्या सुमाराला दारात एक म्हातारा उभा. पांढरा सदरा, धुळीनं माखलेल्या चपला, धाप लागलेली. "मिलिंद कांबळे कुठाय? मी त्याचा बा. एक वाजल्यापास्नं रिंग देतोय, ती बाई म्हणतीया फोन बंद हाय! परीक्षेत चक्कर-बिक्कर आली काय त्याला? वडापची जीप धरून तसाच आलोय."

परीक्षेच्या गडबडीत मिलिंदनं फोन बंद करूनच डब्यात टाकला होता! आणि महिनोन्महिने सिग्नलिंग शिकलेली मी, त्या बंद फोनकडं टक लावून बसले होते!

पुण्याचे साहेब बाहेर आले, सगळं ऐकलं आणि आबांना आत नेऊन चहा मागवला. तेवढ्यात मिलिंदचा फोन. आवाज पार गेलेला. "ताई, आबा घरात न्हाईत ओ!"

"हितं हायत. बिस्किट खातायत."

पाऊण तासात मिलिंद परत आला. घामानं निथळत आबांसमोर नुसता उभा राहिला.  आबा खेकसले, "फोन बंद कशाला ठेवतोस रं?"

पुण्याच्या साहेबांनी मार्कांचा कागद पुढं ओढला. "कांबळे, बसा. शेवटचा प्रश्न. दोन्ही टोकांच्या एक्स्चेंजनी एकाच वेळी एकच लाईन धरली, तर काय होतं?"

 हा धडा चौगुले साहेबांच्या वाटणीचा! मिलिंदनं तो बघितलासुद्धा नव्हता. त्यानं आबांकडं बघितलं.

"दोघंबी एकमेकाकडं निघत्यात, साहेब. आणि कुणालाच कुणी गावत न्हाय."

"बरोबर. मग?"

"मग… एकानं मागं हटायचं."

"कुणी?"

मिलिंद पुन्हा आबांकडं बघायला लागला. पुण्याच्या साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. आबांनी कप खाली ठेवला.

"धाकट्यानं! त्यात इचारायचं काय? पर साहेब, मागं हटायचं म्हंजे कोडोलीपतूर. चंद्रपूरपतूर न्हाय!"