आधी म्हातारपण, मग बाळपण

माझ्या नणंदेचं काम लोकांना समजावून सांगताना आमची नेहमी पंचाईत व्हायची. "ती गर्दी आखते," असं माझा नवरा सांगून मोकळा व्हायचा. मोठमोठी प्रदर्शनं भरतात, तिथे माणसांनी कुठून शिरायचं, कुठे वळायचं, कुठे रेंगाळायचं आणि कुठून बाहेर पडायचं, हे ताई कागदावर ठरवायची. मग साथ आली. सगळं बंद झालं आणि गर्दी हा शब्दच शिवीसारखा वाटायला लागला. ताई खिडकीत बसून रिकामा रस्ता बघत राहायची. मला म्हणायची, "अगं, किती सुरेख वाहील हा रस्ता! फक्त माणसं हवीत."

त्याच साथीत सासूबाई गेल्या. दवाखान्यात नेलं ते शेवटचं. काचेपलीकडून तोंडाला नळी लावलेली बाई दिसली, तेवढंच. माझे सासरे, म्हणजे बाबा, बसचे कंडक्टर होते. आयुष्यभर माणसांत वावरलेला माणूस, पण त्यानंतर त्यांनी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. भाजी आणायलाही नाही. बोलणंही अगदी जेवायला वाढा, दिवा लावा, इतपतच उरलं होतं.

बंदी उठायची चिन्हं दिसू लागली तेव्हा ताईला एक काम आलं. छोटी छोटी संग्रहालयं पुन्हा उघडायची होती, पण कशी, ते कुणालाच कळत नव्हतं. त्यातलं पहिलं निघालं कपड्यांचं संग्रहालय. एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर एकापुढे एक अशा सात खोल्या. पहिलीत तान्ह्या बाळांची टोपडी, मग शाळेचे गणवेश, कामाचे डगले, लग्नाचे पोशाख, असं करत करत शेवटच्या दालनात म्हातारपणाचे कपडे. माणूस जन्मापासून चालत निघायचा आणि पांढऱ्या शालींपाशी पोहोचायचा.

ताई पहिल्यांदा तिथे गेली तेव्हा मलाही घेऊन गेली. इतक्या महिन्यांत कुणीच फिरकलं नव्हतं. प्रत्येक पोशाखावर मलमल पांघरलेली, पडद्यांमधून दुधासारखा उजेड आत येत होता. संग्रहालयाच्या संचालकांनी एक खिडकी उघडली आणि हवेच्या झुळकीने सगळ्या बाह्या एकदम हलल्या. झोपलेल्या माणसांनी कूस बदलावी तशा. आम्ही तिघंही नकळत हळू आवाजात बोलायला लागलो.

ताई मात्र लवकर जमिनीवर आली. "बाळांची खोली बघा," ती संचालकांना म्हणाली. "एवढीशी, खिडकी नाही, आणि जिना तिथेच अरुंद. लोक सुरुवातीलाच घोळका करतात. तिकीट शोधतात, पिशव्या सावरतात, एकमेकांची वाट बघतात. सगळे त्या कोंदट खोलीत उभे राहणार. त्यापेक्षा शेवटचं दालन केवढं मोठं! दोन्ही बाजूंना खिडक्या, रुंद जिना. तिथून आत घ्या आणि अरुंद जिन्याने खाली सोडा. सगळ्यांना एकच दिशा. कुणी कुणाच्या समोर यायचं नाही."

"म्हणजे उलटं?" संचालकांचा चेहरा पडला. "आधी म्हातारपण आणि मग बाळपण? अहो, आयुष्य असं चालतं का कुठे?"

"आयुष्याचं माहीत नाही, हवा तशी वाहते," ताई म्हणाली.

त्यांना काही ते पटेना. शेवटी दोघांनी ठरवलं, आधी माणसं चालवून बघू. पण बाहेरची माणसं अजून आत घ्यायला परवानगी नव्हती. ताईने घरच्यांनाच पाहुणे करायचं ठरवलं. माझा नवरा घाईत असलेला माणूस झाला. त्याला त्यासाठी काही वेगळं करावं लागलं नाही. मी तान्ह्या मुलाची आई झाले. शेजाऱ्यांची बाबागाडी मागून आणली आणि वजन यावं म्हणून तिच्यात बटाटे भरून वर दुपटं घातलं. आता हवा होता एक सावकाश चालणारा म्हातारा माणूस.

ताई बाबांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. "बाबा, माझं काम अडलंय."

बाबांनी भिंतीवरची नजर काढली नाही. तसंच बसून विचारलं, "बस आहे का जायला?"

"मी गाडीतून नेईन."

त्यांनी इस्त्रीचा शर्ट मागितला. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले आणि इस्त्री तापवली.

संग्रहालयात संचालकांनी आमचं रीतसर स्वागत केलं. कौतुकाने बाबागाडीत वाकून बघितलं, बटाटे बघितले आणि सरळ झाले. ताईने सगळ्यांना अंतर राखून एकेक करून सोडलं. बाबा सगळ्यांत पुढे, त्यांच्यामागे माझा नवरा, मग मी.

पांढऱ्या शालींपाशी, झिजलेल्या कोपरांच्या कोटांपाशी बाबा जेमतेम थांबले. ते सगळं त्यांच्या ओळखीचंच होतं. मग एकेक खोली मागे पडत गेली. रंग उजळत गेले, कंबरा बारीक होत गेल्या, गुंड्या चमकायला लागल्या. मला मागून बाबांची फक्त पाठ दिसत होती. खोटं सांगत नाही, पण ती पाठ ताठ होत चालली होती. त्या मंद उजेडात वाटत होतं, हा माणूस खोलीगणिक दहा-दहा वर्षं उतरवून ठेवतोय.

लग्नाच्या पोशाखांच्या खोलीत ते थांबले आणि हलेचनात. एक निळा झगा होता, साधाच. माझा नवरा मागे खोळंबला, मी त्याच्या मागे खोळंबले. ताई हातातला आराखडा घेऊन अस्वस्थ उभी. नवऱ्याने हाक मारली, "बाबा, पुढे सरका, मागे गर्दी झालीय!"

बाबा वळले. "तीस वर्षं हे वाक्य मी लोकांना ऐकवलं," ते म्हणाले. "आज कळतं, किती वाईट लागतं ते."

आणि ते हसले. तो आवाज आम्ही विसरूनच गेलो होतो.

मग ते त्या झग्याकडे बघत बोलायला लागले. "मला ती आठवायची ना, तर फक्त काचेपलीकडची आठवायची. तोंडाला नळी. त्या दिवसाच्या मागे काही जाताच यायचं नाही, तिथेच अडकायचो. आज मागे मागे येता येता ती दिसली. माझ्या बसमध्ये उभी, हातात मोड नाही, आणि वर मलाच रागावतेय. असाच निळा रंग होता."

संचालक दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होते. बाबा पुढच्या खोल्यांमधून गेले, बाळांच्या टोपड्यांपाशी पोहोचले आणि कठड्याला धरून अरुंद जिन्याने खाली, अंगणातल्या उन्हात उतरले.

ताईने तिथल्या तिथे आराखडा बदलला. लग्नाच्या खोलीत भिंतीलगतची दोन कपाटं हलवून वाटेच्या बाजूला एक कोनाडा मोकळा केला आणि तिथे बाक टाकला. ज्याला थांबावंसं वाटेल त्याने तिथे बसावं, बाकीच्यांची वाट अडणार नाही. "मी आजवर माणसं पुढे कशी जातील तेवढंच बघत आले," ती मला म्हणाली.

संचालकांनी हरकत घेतली नाही. उलट पुढचा आठवडाभर ते स्वतः प्रत्येक पाटी नव्याने लिहीत बसले. जिथे जिथे 'यानंतर' होतं, तिथे 'याआधी' केलं.

संग्रहालय उघडलं तेव्हा ठरलेल्या वेळी, ठरलेली मोजकी माणसं आत जायची. बहुतेकांच्या घरातून कुणी ना कुणी गेलेलं होतं. बाक क्वचितच रिकामा राहायचा. पुढे निर्बंध उठले, अंतराची गरज संपली, तेव्हा ताईने विचारलं, "आता दिशा पूर्ववत करायची का?" संचालक म्हणाले, "कशाला? लोकांना सवय झालीय." मग हळूच म्हणाले, "मलाही."

ताईला त्यानंतर जुन्या बोटींच्या संग्रहालयाचं काम मिळालं. निघायच्या दिवशी बाबा सकाळीच आंघोळ करून, केस विंचरून पायरीवर बसलेले. "सावकाश चालणारा माणूस लागेलच ना तुला?" त्यांनी ताईला विचारलं. ताईने गाडीचं दार उघडलं.

ते दोघं गेले, नवराही कामावर गेला. कितीतरी महिन्यांनी मी घरात एकटी होते. बाबांच्या खोलीत गेले, त्यांच्या पलंगावरची चादर काढली, झटकली आणि दोरीवर वाळत घातली. वाऱ्याने ती फुगली. मी चहाचा कप घेऊन बराच वेळ तिच्याकडे बघत बसले.