टेपकाकूंच्या दाराचा नंबर

माझ्या मावशीला सगळी गल्ली टेपकाकू म्हणते, कारण मापाची टेप तिच्या गळ्यातून फक्त अंघोळीपुरती निघते. कपड्यांची दुरुस्ती हा तिचा धंदा. पँटची उंची कमी कर, कोटाचं अस्तर बदल, बिघडलेली चेन काढून नवी लाव. नवीन कपडे ती शिवत नाही. "नवं काय, कोणीही शिवतं," हे ती नाक वर करून सांगते आणि मी ते हजारदा ऐकलंय.

तिचं मशीन आतल्या खोलीत, खिडकीकडे तोंड करून, म्हणजे दाराकडे पाठ. बाहेरच्या खोलीत भिंतीला एक लोखंडी दांडा आहे. त्यावर तयार कपडे टांगलेले, प्रत्येकाला टाचणीने लावलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि काय केलं ते. दार दिवसभर नुसतं लोटलेलं. गिऱ्हाईक येतं, आपला कपडा शोधतं आणि घेऊन जातं. मावशी काही मशीन थांबवत नाही. त्या खडखडाटात तिला काय ऐकू येतं देव जाणे, पण मान न वळवता "मास्तर, डावीकडे बघा, अगदी कडेला," असं सांगते आणि आलेले शाळेतले मास्तरच असतात.

गेल्या महिन्यात त्या दांड्यावरून एक राखाडी कोट गेला. दोन दिवसांनी परतही आला. बँकेतल्या साहेबांनी आपला समजून दुसऱ्याचा नेला होता आणि बाह्या लांब कशा झाल्या म्हणून दोन दिवस बायकोशी वाद घातला होता. पण तेवढ्यात मावशीने फोनवर लेकीला कोट गेल्याचं सांगून टाकलं होतं. तिची लेक म्हणजे माझी मावसबहीण, माझी ताई. नोकरीसाठी विमानाने जावं लागेल इतक्या लांब राहते, एकटीच. कोट परत आल्याचं तिने ऐकूनच घेतलं नाही.

"एक तर अलार्म बसव, नाहीतर घर बंद करून माझ्याकडे ये," ताई म्हणाली. "महिनाअखेरपर्यंत काय ते ठरव. मला इथे झोप लागत नाही."

मला ताईचा रागच आला. लांब राहून हुकूम सोडायला काय जातं? शिवाय खरं सांगायचं तर मी घाबरले होते. माझी आई गेल्यापासून मी चष्म्याच्या दुकानातून दुपारी मावशीकडेच जेवायला येते. मावशी गेली तर मी कुठे जायचं?

मावशीचं मात्र तळ्यात-मळ्यात सुरू झालं. सकाळी म्हणायची अलार्म बसवू, दुपारी म्हणायची लेकीकडेच जाते, आणि संध्याकाळी विचारायची, "अगं, पण तिथे माझ्याकडे कपडे घेऊन कोण येईल?" येईल त्या गिऱ्हाइकाला ती सल्ला विचारू लागली. मास्तर म्हणाले, घ्या. बँकेतले साहेब म्हणाले, मुळीच घेऊ नका, कुत्रा पाळा. बेकरीवालीने आधी घ्या म्हटलं, मग तिच्या दिराकडचा अलार्म पाल गेली तरी वाजतो असं सांगून मावशीच्या डोक्याचा पार भुगा केला.

शेवटी अलार्मवाला आला. पोरगेला, अदबशीर, हातात बॅग. आठवडाभर वापरून बघा, नाही आवडलं तर काढून नेतो, म्हणाला. त्याने फॉर्म काढला.

"काकू, घरात माणसं किती?"

"मी एकटी."

त्याने एक लिहिला. "आणि रोज येणारं-जाणारं?"

"पंचवीस. शनिवारी तीस-पस्तीस."

त्याचं पेन थांबलं. "ती घरातली की बाहेरची?"

"घरातली नाहीत," मावशी म्हणाली. "पण बाहेरची तरी कशी म्हणू? मास्तरांची कंबर मला तोंडपाठ आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार कपाळ. त्याने तो रकाना रिकामा सोडला, दाराला एक छोटी डबी बसवली, बाजूला आकड्यांची पाटी लावली आणि चार आकडी नंबर मावशीला पाठ करायला दिला. दार उघडलं की पाटीवर नंबर दाबायचा, नाहीतर भोंगा. शिवाय दार उघडल्याचा मेसेज फोनवर जाणार. मावशीचा फोन बटणांचा, म्हणून ते मेसेज ताईच्या फोनवर जोडले.

दुसऱ्या दिवशी जेवायला गेले तर मी दारातच उभी राहिले. दांड्यावरच्या प्रत्येक चिठ्ठीवर, नावाच्या वर, लाल पेन्सिलीने तो नंबर लिहिलेला.

"मावशी, हे काय करून ठेवलंस?"

"अगं, मला दर वेळी उठायला होत नाही. त्यांना माहीत नको?"

"आणि ज्यांचा कपडा दांड्यावर नाहीच, त्यांना कसं कळणार?"

"त्यांना तोंडी सांगितलं."

मी हात टेकले. निम्म्या गल्लीला पाठ असलेला नंबर, आणि हा म्हणे बंदोबस्त. त्याच दुपारी मास्तर चष्मा विसरून आले आणि आठाच्या जागी तीन दाबला. भोंगा असा बोंबलला की मास्तर दोन्ही हात वर करून भिंतीला चिकटून उभे राहिले. मावशी मशीनवरून ओरडली, "मास्तर, हात खाली घ्या, काखेत उसवेल!"

पहिल्या दिवशी ताईचे अकरा फोन आले. कोण आलं? मास्तर. का? उंची. आता कोण आलं? बेकरीवाली. का? चेन. मावशी वैतागून गेली. तिसऱ्या दिवशी दोन फोन आले. पाचव्या दिवशी एकही नाही. ताईला कंटाळा आला असेल असं मला वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

आठवडा संपला आणि अलार्मवाला दारात उभा राहिला. मावशीने टेपचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग मला म्हणाली, "लाव ताईला फोन. मोठ्याने ऐकू येईल असा लाव."

ताईने लगेच उचलला.

"हे बघ," मावशी म्हणाली, "मी तिकडे येत नाही. आणि हे यंत्रही काढायला सांगतेय. मला जमत नाही. तू चिडलीस तरी चालेल."

मला वाटलं, आता भडका उडणार.

"आई, काढू नकोस," ताई म्हणाली.

"अगं, पण चोर आला तर त्यालासुद्धा नंबर माहीत असेल इथे."

"चोराचं राहू दे गं. सकाळी साडेनऊला पहिला मेसेज येतो, ते मास्तर असणार. मग अकराच्या सुमाराला तिघंचौघं. मी ऑफिसात एकटीच जेवत असते, तेव्हा एक येतो, तो हिचा." म्हणजे माझा. "मला इथे येऊन सहा वर्षं झाली. माझं दार कोणी वाजवत नाही, आई. तुला इकडे ये म्हटलं ते तुझ्या काळजीपोटी नव्हतं. मलाच कोणीतरी हवं होतं."

अलार्मवाला खाली बघत बॅगेचा पट्टा नीट करू लागला. आठवडाभर ज्या ताईच्या नावाने मी बोटं मोडली, तिची मला एकदम फार माया आली, आणि लाजही वाटली. मावशी तर पुरती गोंधळली. तिने डोळे पुसले, मग त्या पोराला विचारलं, "भोंगा काढून नुसता मेसेज ठेवता येतो का?"

"येतो. पण काकू, मग तो अलार्म कसला?"

"ते मला नाही सांगता येणार," मावशी म्हणाली. "तसाच ठेव."

परवा माझं दुकान अर्धा दिवस बंद होतं, म्हणून मी जेवून तिथेच लवंडले. दोन ते चार मावशीकडे कोणी फिरकत नाही. तीनला मशीन थांबलं. मावशी उठली, बाहेरच्या खोलीत गेली, दार उघडून पुन्हा लोटून घेतलं आणि येऊन मशीनवर बसली.

"कोण होतं?" मी विचारलं.

"कोणी नाही," मावशी म्हणाली. "फार वेळ झाला होता, ताईला एकही मेसेज गेला नव्हता."