गिअरच्या दांड्याचे तीन रविवार

माझे भाऊजी कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात आणि भाऊजी घराच्या मागच्या खोलीत प्लास्टर आणि मेण घेऊन बसतात. आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं यांच्या दातांनी हसतात, असं ताई म्हणायची, आणि उरलेली निम्मी माझ्यामुळे रस्त्यावरून धड घरी पोचतात. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. ती तीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवत होती. एवढ्या लोकांना गाडी शिकवणाऱ्या बाईचा नवरा मात्र सायकलच्या पुढे गेला नाही. लग्नानंतर तिने एकदा त्यांना स्टिअरिंगसमोर बसवलं होतं. दहाव्या मिनिटाला भाऊजी गाडीतून उतरले आणि चालत घरी आले. त्यानंतर दोघांनीही तो विषय काढला नाही.

तिची स्वतःची गाडी दोन सीटची, जुनी स्पोर्ट्स कार होती. रंग पिवळा, छत कापडी. घरातल्या बाकी सगळ्या वस्तू दोघांच्या होत्या, ही एकटीची. छोट्या गाडीत बसताना ती आधी पाय आत टाकायची, मग डोकं, आणि बसली की वीस वर्षांनी लहान दिसायची. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणालो नाही. आम्हा भावंडांत कौतुक करायची सवय नव्हती.

मग तिचा डावा हात दगा द्यायला लागला. आधी चहाची किटली जड झाली, मग केसांना क्लिप लावता येईना. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. त्याचा अर्थ एवढाच होता की स्नायू एकेक करून काम सोडत जाणार आणि त्यावर औषध नाही. शिकवण्याची नोकरी तिने त्याच महिन्यात सोडली. गाडी सोडली नाही.

"जोवर चालवता येते तोवर चालवणार," ती म्हणाली. "नंतर तुम्ही मला पोत्यासारखं उचलून कुठेही न्या, मी तोंड उघडणार नाही."

एकदा भाऊजी तिच्या शेजारी बसून बाजारात गेले. तिसरा गिअर टाकताना दांडा पुढे लांब ढकलावा लागतो. तिचा खांदा वर चढला, ओठ आवळले गेले, आणि हे त्यांनी पाहिलं. चार दिवसांनी ते एक छापील कागद घेऊन माझ्याकडे आले.

"मास्तर, शॉर्ट शिफ्टर म्हणून एक वस्तू मिळते. गिअरचा दांडा बदलायचा, बस. पल्ला जवळजवळ निम्मा होतो. तिला हात लांब करायलाच नको."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. मला सगळे मास्तर म्हणतात, घरातलेसुद्धा. मी कागद वाचला आणि म्हणालो, वा. वस्तू मागवली, ती यायला दीड महिना गेला.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणाला होता, गाडी आणून ठेवा, दोन तासांचं काम आहे. भाऊजींना ते पटेना. तिच्या गाडीला परक्याचा हात नको, मी करीन, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना थांबवायला हवं होतं. उलट मीच छाती फुगवून म्हणालो, "दोन तासांचं तर काम, मी आहे ना बॅटरी धरायला." आठवडाभर त्यांच्याकडे कवळ्यांची गर्दी, माझी शाळा. म्हणून रविवार ठरला. ताईला नवल दाखवायचं म्हणून गॅरेजच्या दाराला आतून कडी, मधल्या दिवसांत बाहेरून कुलूप. तिने दारावर थापा मारून शिव्या दिल्या, मग हसत निघून गेली.

पहिल्या रविवारी आम्ही दांड्याची मूठ फिरवून काढली, चामड्याचं कव्हर काढलं, दोन सीटांच्या मधल्या डब्याचे आठ स्क्रू काढले. भाऊजींनी प्रत्येक स्क्रू दात ठेवायच्या डबीत घातला आणि वर चिठ्ठी लावली: वरचा डावा, खालचा उजवा. मी म्हणालो, अक्कलदाढेलाही जागा ठेवा. खालचं रबर आमच्या हातात आलं तेच फाटून. नवं मागवण्यात आठवडा गेला.

दुसऱ्या रविवारी एक बोल्ट गंजून बसला होता. तेल सोडलं, चहा घेतला, पुन्हा तेल सोडलं. पाना फिरला पण बोल्ट नाही, त्याचं डोकं तेवढं गुळगुळीत झालं. शेवटी भाऊजींनी कवळीचे दात घासून आकार द्यायचं मशीन आणलं आणि उताणं पडून, ज्या नाजूकपणे ते दाढेचा उंचवटा कमी करतात त्या नाजूकपणे, बोल्टचं डोकं उडवलं. नव्या बोल्टसाठी आणखी एक आठवडा.

तिसऱ्या रविवारी जुना दांडा निघाला. काळं तेल ठिबकत होतं. मी तो एका हातात आणि नवा दुसऱ्या हातात धरून उभा राहिलो. ज्या गोळ्यावर दांडा फिरतो तो गोळा नव्या दांड्यात वर सरकवलेला होता. खालचा भाग लांब, वरचा आखूड.

सव्वीस वर्षं मी नववीला तरफ शिकवतो आहे. टेकू हाताच्या जवळ आला की हात कमी फिरतो आणि जोर जास्त लागतो. पहार आणि दगड घेऊन मी ते मुलांना अंगणात करून दाखवतो, ज्याला कळत नाही त्याला तिसऱ्यांदा दाखवतो. तोच मी ते दोन दांडे हातात धरून म्हणालो, "काय सुबक काम आहे हो!"

दांडा बसला. भाऊजींनी गाडी बंद ठेवूनच गिअर टाकून पाहिले. टक, टक. मीही पाहिले.

"जरा कडक वाटतो," भाऊजी म्हणाले.

"नवा आहे. रुळेल," मी म्हणालो.

भाऊजींचा धंद्यातला एक नियम आहे. ज्याच्या तोंडात कवळी बसायची, त्याच्या तोंडात आधी मेणाची लावून बघायची, मगच पक्की करायची. स्वतःच्या तोंडाने दुसऱ्याचा चावा कळत नाही, हे ते प्रत्येक नव्या डॉक्टरला ऐकवतात. त्या दिवशी मात्र त्यांनी घाईघाईने हात धुतले आणि ताईला हाक मारली.

ती आली. आधी पाय, मग डोकं. आखूड झालेला दांडा बघून तिने भुवया उंचावल्या, आणि भाऊजी लाजले, खरंच लाजले. तिने इंजिन सुरू केलं, क्लच दाबला, हात मुठीवर ठेवला आणि पुढे ढकललं. दांडा हलला नाही. तिने तळवा लावला. मग कोपर अंगाशी धरून सगळं अंग पुढे लोटलं. दांडा बोटभर गेला आणि परत आला.

मला तेव्हा कळलं. सगळं जागच्या जागी मला कळलं, तरफ, टेकू, पहार, सगळं.

मी भाऊजींना समजावून सांगितलं, कारण चूक दिसली की सांगितल्याशिवाय माझ्याने राहवत नाही. त्यांनी डब्या उघडल्या आणि ते तिथेच कामाला लागले. या वेळी बोल्ट नवे होते आणि हाताला वाट माहीत झाली होती. दीड तासात जुना दांडा परत बसला. अजून ऊन होतं.

"बस," ते म्हणाले. "होता तसा केलाय."

ती बसली. डावा हात लावला, मग उजवा आडवा नेला. जुना दांडाही गेला नाही.

त्या पंधरा दिवसांत तिचा उजवा हातही दगा द्यायला लागला होता, ब्लाउजची बटणंही लावता येईनाशी झाली होती. आम्ही दोघं गॅरेजला कडी लावून आत होतो.

तिने इंजिन बंद केलं. भाऊजींकडे पाहिलं, त्यांचा चेहरा मला आजही सांगवत नाही. मग ती हसली.

"अहो, असं काय बघताय? हा दांडा दोन महिने गेलाच नाहीये. मी नुसती इथे येऊन इंजिन चालू करून बसायची. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. तुमच्या दांड्यात काही खोट नाही."

"दोन महिने?"

"हो ना. बाजारात गेलो ना आपण, ते शेवटचं."

भाऊजी पत्र्याच्या डब्यावर मटकन बसले. खांदे सैल झाले. ते रडले, पण ते रडणं वेगळं होतं, सुटल्यासारखं.

ते खोटं आहे म्हणून सांगायला मी तोंड उघडलं होतं. कारण पहिल्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी ताई ती गाडी घेऊन एकटी माझ्या घरी आली होती. अकरा किलोमीटर. फाटकात हॉर्न वाजवला, मी धावत गेलो. स्टिअरिंग गुडघ्याने धरायचं आणि उजवा हात आडवा नेऊन गिअर टाकायचा, अशी तिने युक्ती काढली होती. मी ओरडणार तेवढ्यात तीच माझ्यावर ओरडली, "कुणाला सांगितलंस तर बघ!" रविवारी धरणापर्यंत जाऊन येणार आहे, म्हणाली. गाल लाल झाले होते. इतकी खूश मी तिला वर्षभरात पाहिली नव्हती.

आता ती गाडीतून माझ्याकडे बघत होती. नुसती बघत होती. मी तोंड मिटलं.

त्यानंतर ती चौदा महिने जगली. मी म्हणेन तिथे माझ्या गाडीतून यायची, आणि कबूल केल्याप्रमाणे माझ्या ड्रायव्हिंगबद्दल तोंड उघडायची नाही. मला ते शिव्यांपेक्षा जड जायचं.

परवा भाऊजींकडे गेलो होतो. मागच्या खोलीत चहा घेत बसलो. ते एका कवळीचं मेण खरवडत होते, आणि मान वर न करता म्हणाले,

"मास्तर, मला एकाच गोष्टीचं समाधान आहे. आपण गाडी खोलली तेव्हा तिचं चालवणं आधीच सुटलेलं होतं. नाहीतर ते शेवटचे पंधरा दिवस मीच तिच्याकडून काढून घेतले असते. मग मला जगता आलं नसतं."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. मी कप खाली ठेवला.

"हो भाऊजी," मी म्हणालो. "दोन महिने आधीच."